पाच कॅमेरे आणि आजी

आयटीत काम करणाऱ्या माणसाला घरचे नक्की काय समजतात, यावर एकदा सविस्तर लिहायला पाहिजे. आत्याचा अडकलेला प्रिंटर, शेजारच्या काकूंचं वीजबिल, मामाचा फोटोंनी भरलेला मोबाइल... सगळं आपल्याच खात्यात जमा. मी दिवसभर पेमेंट सिस्टिमचा बॅकएंड लिहिते, हे सांगून काही उपयोग नसतो. "म्हणजे कॉम्प्युटरच ना?" संपलं!

तर झालं असं, की श्रावणात आमच्या गावच्या घरी परसातल्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. रात्रीत कुणीतरी मागच्या फाटकातून आलं, पाइप कापला आणि मोटर घेऊन गेलं. आजी आत झोपलेली. सकाळी सुमनमावशी कामाला आल्या तेव्हा नळाला पाणी नाही म्हणून कळलं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (नाव ‘वाडा’, डीपी तुळशीवृंदावन) तासाभरात सत्तर मेसेज. नाशिकचा काका, न्यू जर्सीची आत्या आणि पुण्यातून बाबा, तिघांचं एकमत झालं. आमच्या घराण्यात हे सहसा होत नाही. सीसीटीव्ही बसवायचे. आणि पुढचं वाक्य तुम्हाला माहीतच आहे: "तू आयटीत आहेस ना, तूच बघ."

आमचं गाव वाईजवळ. वाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा येतो, ‘स्वदेस’मध्ये 2004 साली दिसला तो. तो सहा चौकांचा. आमचा एका चौकाचा, आणि मागे मोठं परस. पण दोन माणसांसाठी तोही अवाढव्यच. रस्त्याकडून मागच्या फाटकापर्यंत पंचेचाळीस मीटर (मी लेझरने मोजलं), भिंती दोन फूट जाड. समोर मोठा दरवाजा आणि त्यात दिंडी, आत देवडी, मग चौक, तिन्ही बाजूंनी ओसरी, पलीकडे माजघर, स्वयंपाकघर, मागे न्हाणी, विहीर, रिकामा गोठा आणि ओढ्याकडे उघडणारं फाटक. डाव्या बाजूला आमची भिंत आणि शेजारची भिंत यांच्यामधून जाणारा दीड मीटर रुंदीचा बोळ. आणि या एवढ्या पसाऱ्यात राहतं कोण? एक्याऐंशी वर्षांची आजी आणि तिचं मांजर.

बाबांनी तालुक्यातल्या एका दुकानदाराकडून आधीच कोटेशन मागवलं होतं. सोळा कॅमेरे. का सोळा? कारण रेकॉर्डर सोळा चॅनेलचा. "मॅडम, पॅकेज आहे." सगळे कॅमेरे एकाच लेन्सचे, सगळे छपराच्या खाली, पाच मीटर उंचावर, "म्हणजे कुणाचा हात पोचणार नाही."

मला या विषयातलं शून्य माहीत होतं. पण शून्य माहीत असताना एस्टिमेट देणे हा तर आमचा व्यवसाय! दोन आठवडे रोज रात्री वाचत बसले, आणि नवरात्र संपल्यावरच्या शनिवारी पहाटे एक टेस्ट कॅमेरा, पॉवर बँक, लेझर टेप आणि काठीला बांधायला चिकटपट्टी घेऊन खंबाटकी घाट ओलांडला.

पहिली गोष्ट मला कळली ती ही, की "कॅमेरा कुठे लावायचा" हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी विचारायचं, या कॅमेऱ्याने मला कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय? कुणीतरी आलंय एवढंच कळायला हवं, की ओळखीचा आहे का ते, की अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवता यायला हवा? या प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि ती पिक्सेलमध्ये मोजतात. आयईसी 62676-4 या मानकात (2014 ची आवृत्ती) हे हिशेब दिलेत. माणूस आहे एवढं समजायला दर मीटरला 25 पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला 125, आणि अनोळखी माणसाची नक्की ओळख पटवायला 250.

आता गणित. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवे 2560 पिक्सेल. कोटेशनमधली लेन्स 2.8 मिलिमीटरची, म्हणजे साधारण शंभर अंशांचा पसारा. चार मीटरवर तिला साडेनऊ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. 2560 भागिले साडेनऊ, साधारण 270. चेहरा ओळखू येईल. पण दुकानदाराने दरवाज्यासाठीचा कॅमेरा लावला होता चौकाच्या पलीकडे, चौदा मीटरवर. तिथून दृश्य तेहेतीस मीटरचं, दर मीटरला 77 पिक्सेल. म्हणजे चोर आला, कसा आला, काय घेऊन गेला सगळं दिसणार. फक्त कोण, ते दिसणार नाही. टीव्हीवरच्या बातम्यांमध्ये लाल वर्तुळ केलेला धूसर माणूस दाखवतात ना, तो असाच चौदा मीटरवरून आलेला असतो. आणि "झूम करा, झूम करा" हे फक्त सिनेमात चालतं. जे पिक्सेल आलेच नाहीत ते नंतर कुठून आणणार?

पाच मीटर उंचीचं तसंच. हात पोचत नाही हे खरं, पण दिसते ती टोपी. किंवा टक्कल. चेहरा हवा असेल तर कॅमेरा अडीच-तीन मीटरच्या आतच हवा.

आणि मग मला वाड्याने शहाणं केलं.

मी काठीला कॅमेरा बांधून दिंडीसमोर उभी होते आणि सुमनमावशींना सांगत होते, "मावशी, बाहेर जाऊन परत आत या." त्या पाच वेळा आत आल्या. पाचही वेळा मोबाइलवर फक्त त्यांच्या डोक्यावरचा पदर. कारण दिंडीतून वाकल्याशिवाय आत येताच येत नाही! वाकायचं, उंबरा ओलांडायचा, आणि दोन पावलं आत आलं की पाठ सरळ करून वर बघायचं. सगळे हेच करतात. मीही अठ्ठावीस वर्षं हेच करतेय. आणि माणूस जिथे वर बघतो तिथेच, उजव्या हाताला, देवडीचा कट्टा आहे. पूर्वी पहारेकरी बसायचा तो.

मी कट्ट्यावर चढले आणि कॅमेरा तिथे धरला. मावशी सहाव्यांदा आल्या. अख्खा चेहरा, कपाळावरच्या कुंकवासकट, वर वैतागही स्पष्ट.

सुरक्षावाले ज्याला चोकपॉइंट म्हणतात, म्हणजे जिथून प्रत्येकाला जावंच लागतं अशी चिंचोळी जागा, ती वाडा बांधणाऱ्याने आधीच बांधून ठेवली होती. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आणि सरळ होताना नेमका पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर. मोकळ्या चौकात चार कॅमेरे लावण्यापेक्षा या एका जागी एक लावणं जास्त उपयोगी. परसात तेच. चोर विहिरीवर कुठूनही जाईल, पण परसात शिरायचे रस्ते दोनच, बोळ आणि ओढ्याकडचं फाटक.

शनिवार संध्याकाळपर्यंत सोळाचे पाच झाले. दिंडीच्या आत एक. बाहेर पायरीवर एक, तोही असा वळवलेला की समोरच्यांची ओसरी दिसणार नाही (जो कोपरा तरीही येतो, त्यावर सॉफ्टवेअरने काळा चौकोन ठेवायचा. समोरच्या काकू दुपारी केस वाळवत ओसरीत बसतात, ते आमच्या हार्ड डिस्कवर कशाला?). बोळात एक. तिथे कॅमेरा चक्क नव्वद अंशांत फिरवून लावायचा, म्हणजे चित्र आडव्याऐवजी उभं येतं आणि दोन्हीकडच्या भिंती बघण्यात पिक्सेल वाया जात नाहीत. फाटकावर एक, आणि विहीर व गोठा मिळून एक.

बाकी शिकलेलं थोडक्यात सांगते, कुणाला तरी उपयोग होईल.

एक. कॅमेरा दिवसा तपासून निघून जाऊ नका. रात्रीचा इन्फ्रारेड दिवा जवळच्या भिंतीवर किंवा वाशावर पडला की तेवढंच पांढरंफेक दिसतं आणि पलीकडे काळोख. आमचा फाटकावरचा कॅमेरा याच कारणासाठी दीड फूट पुढे सरकला. आणि अंधाऱ्या देवडीतून उजेडाकडे तोंड केलं की सकाळी येणारा प्रत्येक माणूस म्हणजे काळी सावली. आमच्या दरवाज्याचं तोंड पूर्वेला! शेवटी कॅमेरा दरवाज्याच्या सरळ रेषेत न लावता कट्ट्याच्या बाजूने तिरका लावला.

दोन. दोन फुटी भिंतींपुढे वाय-फाय माजघरातच दम तोडतं. केबल टाका. डेटा आणि वीज एकाच केबलमधून जाते, मर्यादा शंभर मीटर. मात्र केबल अस्सल तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको. आणि रेकॉर्डरला यूपीएस हवाच. लाइट गेल्यावर बंद पडणारी सुरक्षा गावाकडे काय कामाची?

तीन. साठवण. एका कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला 21.6 जीबी. पाच कॅमेऱ्यांचे 108. दोन टीबीच्या डिस्कवर साधारण अठरा दिवस मावतात, मग जुनं आपोआप पुसलं जातं. पुरे आहे. कुणाच्या येण्याजाण्याचा वर्षभराचा हिशेब आपल्याला ठेवायचा नाहीये.

चार. फॅक्टरीतून आलेला पासवर्ड आधी बदला. 2016 मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने नेमके असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्यांनी डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स बंद पडलं. आपल्या परसातला कॅमेरा अमेरिकेतल्या दरोड्यात सामील व्हायचा!

इथवर सगळं छान चाललं होतं. डिझाइन तयार, खर्च निम्म्याहून कमी, मी स्वतःवर खूश. मग रात्री बाबांचा फोन आला.

"माजघरात एक राहिला."

मला माहीत होतं हे येणार. दोन वर्षांपूर्वी आजी पहाटे न्हाणीत घसरून पडली होती. साडेपाचला पडली, सुमनमावशी आठला आल्या. अडीच तास ती ओल्या फरशीवर. मनगट मोडलं, बाकी काही नाही, पण त्या अडीच तासांनी बाबांची झोप गेली ती गेलीच. मोटर गेली म्हणून कॅमेरे, हे निमित्त. मोटर बारा-पंधरा हजारांची. सगळ्यांना खरं बघायचं होतं ते आजीकडे. काका, आत्या, बाबा, तिघांच्याही मोबाइलवर माजघर दिसायला हवं होतं, आणि हे तिला सरळ सांगायची हिंमत तिघांपैकी एकातही नव्हती.

शेवटी व्हिडिओ कॉलवर काकाने विषय काढला. "आई, माजघरात एक छोटासा लावतोय. तू आपली दिसत राहिलीस की आम्हाला बरं."

आजी म्हणाली, "मी तुम्हाला दिसणार. मग तुम्ही मला दिसणार का?"

काका हसला. आजी नाही हसली.

मी बाबांना म्हटलं, बाबा, कोलकात्यात दोन भावांची अशीच केस झाली. घर एक, एका भावाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावले. 2025 च्या फेब्रुवारीत तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की हा त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला.

"मग आता तू मला कोर्टात खेचणार का?" बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "हे बघ, लावू नको. नुसतं टेस्ट करून बघ, किती कव्हरेज येतं ते. मग ठरवू."

नुसतं टेस्ट. सॉफ्टवेअरवाल्याला या दोन शब्दांनी काहीही करायला लावता येतं.

रविवारी दुपारी मी टेस्ट कॅमेरा माजघरातल्या फडताळावर ठेवला. आजी खाली पाटावर बसून मेथी निवडत होती. "आजी, हे थोडा वेळ इथे ठेवते हं," म्हटलं. "ठेव," ती म्हणाली. तो चालू आहे, हे मी सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं असंही नाही... पण नाही सांगितलं, हे खरं. आणि माडीवर जाऊन मोबाइल उघडला.

कव्हरेज उत्तम होतं. अख्खं माजघर, चारही खांब, देवघराचं दार, मेथीची जुडीसुद्धा.

आजीचं निवडून झालं. तिने देठांचा कागद गुंडाळला. मग दाराकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. कुणी नाही याची खात्री करून घेतली. डावा हात जमिनीला टेकला, उजव्याने खांब धरला आणि उठायला गेली. नाही जमलं. परत बसली. पुन्हा एकदा. पुन्हा नाही. मग ती तशीच, खांबाला कपाळ टेकून, बसून राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. स्क्रीनवर कोपऱ्यात सेकंद पळत होते, पण मी ते वाचत नव्हते. तिसऱ्या वेळी ती उठली. निऱ्या सारख्या केल्या, पदर खोचला, ताट उचललं आणि जिन्याकडे तोंड करून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं ए, चहा टाकू का?"

आमच्यासमोर ती कधीही पाटावरून अशी उठत नाही. आता लक्षात आलं की गेलं वर्षभर ती आमच्यासमोर पाटावर बसतच नाहीये. झोपाळ्यावर बसते, नाहीतर उभी असते. "तुम्ही जेवून घ्या, मी नंतर बसते" याचा अर्थ मला आत्ता कळला.

मी माडीवर बसून राहिले. बाबांना जे हवं होतं ते मला मिळालं होतं. कॅमेरा लावावा याचा याहून मोठा पुरावा नसता मिळाला. आणि लावू नये याचाही. मी तिचे चेहऱ्यावरचे सगळे पिक्सेल बघितले होते, आणि त्यातला एकही तिने मला दाखवलेला नव्हता.

क्लिप डिलीट केली. खाली गेले. चहा उकळत होता.

"आजी, गुडघे कधीपासून इतके दुखतायत?"

ती आधी नेहमीसारखं "छे" म्हणणार होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, मग फडताळाकडे.

"चालू होतं ते."

"हो."

तिने गॅस बारीक केला. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं आता ओरडेल, पण ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "चारचौघांत मी नीटच असते गं. एकटी असते तेव्हाच जरा... तेवढं एकटं राहू द्यायचं माणसाला."

मी सॉरी म्हटलं. आजीला सॉरी म्हणायची सवय नाही, ते फार तोकडं वाटलं.

"बाबाला सांगणारेस?"

"मी नाही सांगणार. पण तू सांग."

"बघू," ती म्हणाली आणि कप पुढे केला.

तिने सांगितलं. तिच्या पद्धतीने, म्हणजे निम्मं. "गुडघे जरा धरतात हल्ली." पण तेवढ्याने बाबा दुसऱ्या आठवड्यात येऊन तिला साताऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. व्यायाम लावून दिलेत, ती करते म्हणते. मेथी आता हातांच्या खुर्चीत बसून निवडली जाते.

आणि माझ्या डिझाइनचं काय? त्या रात्री मी पुन्हा सुरुवातीपासून विचार केला. प्रत्येक कॅमेऱ्याला एक प्रश्न, हा नियम मीच केला होता. माजघरातल्या कॅमेऱ्याचा प्रश्न काय? "आजी पडली तर कळेल का?" त्याचं उत्तर स्वच्छ होतं. ती पडली होती न्हाणीत. तिथे कॅमेरा लावायचा विचारही कुणी करणार नाही. आणि समजा माजघरात पडली असती, तरी पहाटे साडेपाचला कोण बघत बसलं होतं मोबाइल? काका झोपलेला, बाबा झोपलेले. आत्याकडे संध्याकाळ असते, पण ती तेव्हा गाडी चालवत असते. आम्हाला नंतर अडीच तासांचं रेकॉर्डिंग मिळालं असतं, बस. कॅमेऱ्याला हात नसतात.

मग त्या प्रश्नाला मी वेगळं उत्तर शोधलं. न्हाणीत दोन ठिकाणी भिंतीत पक्क्या दांड्या आणि खाली न घसरणारी फरशी. न्हाणीत जमिनीपासून फूटभर उंचीवर एक बटण, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं. एक पलंगाशी, एक स्वयंपाकघरात. तिन्ही साध्या वायरने जोडलेली, आणि घंटा वाजते ती बोळापलीकडे सुमनमावशींच्या घरात. मावशींना विचारूनच, आणि त्याचे महिन्याला वेगळे पैसे देऊन. या सगळ्यात इंटरनेट कुठेही नाही. माझ्या पदवीचा अपमान म्हणा हवं तर. पण बटण दाबल्यापासून मावशी दारात येईपर्यंत तीन मिनिटं लागतात. आम्ही दोनदा मोजलंय.

काकाला हे अजून पटलेलं नाही. "तुझ्या तत्त्वांपायी उद्या काही झालं म्हणजे?" असं त्याने ग्रुपवर नाही, मला वेगळा फोन करून विचारलं. त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. तो घाबरलाय. मीही घाबरलेय. बटणापर्यंत हात पोचलाच नाही तर? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि रात्री कधी जाग आली तर हाच प्रश्न पहिला आठवतो. पण मग तो खांब आठवतो, आणि त्याला टेकलेलं कपाळ. आजीचं डोकं शाबूत आहे, घर तिचं आहे, आणि ती नको म्हणालीये. उद्या परिस्थिती बदलली तर तिलाच पुन्हा विचारू. न विचारता चालू ठेवायचा नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलंय.

एक गोष्ट मात्र माजघरात लागली. कॅमेरा नाही, स्क्रीन. देवडीतल्या आणि बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र आता आजीला झोपाळ्यावरून दिसतं. दार वाजलं की गुडघे धरत चौक ओलांडून जायची गरज नाही. कोण आहे ते आधी बघते आणि मग ठरवते, उठायचं की "घरात कुणी नाही" असं वाटू द्यायचं. दुसऱ्या प्रकारचे पाहुणे बरेच निघाले! आणि शनिवारी संध्याकाळी सहाला आमचा तिघांचा व्हिडिओ कॉल असतो, त्याच स्क्रीनवर. म्हणजे आम्हीही तिला दिसतो. आत्या दोनदा विसरली, तर आजीने दोन्ही वेळा तारखेसकट सुनावलं.

मागच्या मंगळवारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि मोबाइलवर अलर्ट आला: "दिंडी, हालचाल." उघडून बघते तर स्क्रीनभर झाडूचं टोक. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि कोळी थेट लेन्ससमोर जाळं विणतो. रात्री ते पांढऱ्या पडद्यासारखं दिसतं. याचा उल्लेख मी कोटेशनच्या तुलनेत केला होता, पण ते काढणार कोण हे लिहायचं राहूनच गेलं होतं.

झाडू बाजूला झाला आणि आजीचा चेहरा आला. अगदी जवळून, मीटरला हजारभर पिक्सेल तरी असतील. तिने लेन्सकडे डोळे बारीक करून बघितलं, पदराच्या टोकाने काच पुसली, आणि तोंड हलवून काहीतरी म्हणाली. आवाज आम्ही बंदच ठेवलाय, त्यामुळे कळलं नाही.

मीटिंगमधून बाहेर येऊन फोन लावला. "काय म्हणालीस गं आत्ता?"

"म्हटलं, कामाच्या वेळी इकडे काय बघतेस? काम कर."